दारूगोळ्याचं खुराडं

एल्मस्टेड गावात बेव्हर्ली स्टोडार्डबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. आणि त्यांच्यामुळे गावात राहायला जागा मिळाली असा तर मुळीच सापडायचा नाही. बाईंनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. शाळेत पोरांना पियानो शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर गावात कोणाला नवा खिळा ठोकू दिला नाही. पहिल्या कामाचं फळ एवढंच, की गावातल्या निम्म्या लोकांना अजूनही एकच गाणं अर्धवट वाजवता येतं. दुसऱ्या कामाला मात्र भरघोस यश आलं.

टॅनरी लेनवर बाईंचं पांढरं दुमजली घर. ते त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने, वेंडेलने, सासऱ्यांकडून पडत्या भावात घेतलेलं. वेंडेल टपाल कचेरीत, बाई शाळेत. दोन साध्या पगारांत घर झालं, अंगण झालं, मागे सफरचंदाची चार झाडं झाली. आज त्या घराची किंमत ऐकून बाई स्वतःच गालावर हात ठेवतात, आणि मग तोच आकडा दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात आपण काहीतरी कमावल्याच्या थाटात सांगतात. केलं काय, तर पन्नास वर्षं तिथेच राहिल्या.

अंगणात रंगीबेरंगी पाटी: 'या घरी सर्वांचं स्वागत आहे.' तिच्या शेजारी दुसरी पाटी: 'एल्मस्टेड वाचवा.' कोणापासून वाचवायचं ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. ज्यांचं स्वागत आहे त्यांच्यापासूनच, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणालाही त्यात काही खटकत नव्हतं.

समोर डेल क्रुपा राहायचा. त्याच्या दारात झेंडा एवढा मोठा की वारा सुटला की त्याचीच खिडकी झाकली जायची. डेल दुसऱ्या पक्षाचा. निवडणुकीच्या दिवसांत दोघं एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत. घरं का महागली, यावर कॉफीच्या दुकानात त्यांची जुंपायची. बाईंच्या मते आयात करामुळे लाकूड महागलं, आणि छपरं घालणाऱ्या मजुरांना पकडून देशाबाहेर काढल्यामुळे कामं अडली. डेलच्या मते आधीच्या सरकारने पैसा उधळला म्हणून व्याजदर चढले, आणि बाहेरून आलेल्यांनी जागा अडवल्या.

"बेव्ह, तुझ्या लोकांनी देश विकला," डेल म्हणायचा.

"आणि तुझ्या लोकांनी तो विकत घेतला."

"बरं, ते असू दे. शुक्रवारी सह्या गोळा करायला कुठे भेटायचं?"

"चर्चच्या पायऱ्यांवर. पेनं तूच आण. मागच्या वेळी तुझ्या माणसांनी माझी पळवली."

कारण गावात कोणी इमारत बांधतो म्हणालं, की हे दोघं सख्ख्या भावंडांसारखे एक होत. सगळा देश ज्या गोष्टींवरून एकमेकांचे गळे धरतो, त्या सगळ्या तीन मजल्यांच्या एका नकाशापुढे विरघळून जात. वॉशिंग्टनच्या नावाने खडे फोडायचे आणि आपल्या गल्लीत आपणच कुलूप घालायचं, या कलेत एल्मस्टेडचा हात धरणारं गाव मी पाहिलेलं नाही.

बाईंच्या लढाया गावाला पाठ होत्या. बुटांच्या नाड्यांच्या जुन्या गिरणीत घरं काढायची ठरली, तेव्हा बाईंनी मागच्या डबक्यात ठिपक्यांचे सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे संरक्षित प्राणी, शोधून काढले. त्यापूर्वी त्यांनी सॅलमँडर पाहिला नव्हता आणि नंतरही त्याची कधी चौकशी केली नाही. चर्चमागच्या मोकळ्या जागेवर म्हाताऱ्यांसाठी घरं येणार होती, तेव्हा बाईंनी सावलीचा मुद्दा काढला. डिसेंबरमध्ये दुपारनंतर मैदानाच्या कोपऱ्यावर सावली पडेल, म्हणे. डिसेंबरमध्ये त्या कोपऱ्यावर हातभर बर्फ असतो आणि कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

प्रत्येक सभेत बाई ध्वनिक्षेपकापाशी जाऊन एकाच वाक्याने सुरुवात करायच्या. "मी घरांच्या विरोधात नाही. पण..." तो 'पण' त्या असा लांबवायच्या की टाळ्या आधीच सुरू व्हायच्या.

पण त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे दारूगोळा.

झालं असं, की टॅनरी लेनच्या टोकाला एका बिल्डरने दोन पडीक घरं घेतली. त्या जागी दहा-बारा लहान बिऱ्हाडं होणार होती. सॅलमँडर तिथे निघेनात, सावली कोणावर पडेना. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की लेनलाच ऐतिहासिक ठरवलं तर बिल्डर जागच्या जागी अडकतो. वारसा-पट्टा जाहीर झाला की तिथे रस्त्यावरून दिसणारी खिडकीची चौकटसुद्धा समितीला विचारल्याशिवाय बदलता येत नाही. अडचण एवढीच, की लेनमध्ये इतिहास म्हणावा असं काही घडलेलं नव्हतं.

बाईंच्या घराच्या बाजूला एक लाकडी शेड होती. वेंडेलच्या वडिलांनी ती कोंबड्यांसाठी बांधलेली. कोणाचं तरी जुनं धान्याचं कोठार पाडलं होतं, त्याच्या तुळया फुकट मिळाल्या म्हणून त्या वापरल्या. कोंबड्या संपल्या, मग तिथे गवत कापायचं यंत्र आलं, मग मोडक्या खुर्च्या. त्या तुळया मात्र खरोखर जुन्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गावच्या साप्ताहिकात लेख लिहिला. पहिल्या लेखात होतं, 'स्वातंत्र्ययुद्धात गावच्या सैनिकांनी इथे दारूगोळा लपवला होता असं म्हणतात.' कोण म्हणतात, ते लिहिलं नाही. दुसऱ्या लेखात 'म्हणतात' गळलं. तिसऱ्यात दारूगोळ्याची पिंपं आली. राजधानीतून एक तज्ज्ञ आला, तुळयांवर हात फिरवून 'अठरावं शतक' म्हणाला आणि बाईंच्या हातची लिंबाची वडी खाऊन गेला.

"बेव्ह, त्यात कोंबड्या होत्या ना गं?" वेंडेलने त्या रात्री जेवताना विचारलं.

"कोंबड्यांनी कधी लेख लिहिला का? मग गप्प बस."

लेन ऐतिहासिक झाली. बिल्डर हात चोळत गेला. शेडवर 'दारूगोळ्याची कोठी' असा पितळी फलक लागला. तो रस्त्यावरून दिसत नव्हता, म्हणून बाईंनी कुंपणाजवळची लायलॅकची झुडपं तोडून घेतली. दर वर्षी शाळेतली तिसरीची मुलं रांगेने ती कोठी बघायला येऊ लागली आणि बाई त्यांना लिंबाच्या वड्या वाटू लागल्या.

त्या मुलांना घेऊन येणारी शिक्षिका म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी, कर्स्टन. तिने लहानपणी त्याच शेडमध्ये आजोबांच्या शेवटच्या कोंबडीला वाटाणे भरवले होते. ती मुलांना फक्त, "बघा बरं, किती जुनं लाकूड आहे," एवढंच सांगायची आणि दुसरीकडे बघायची.

कर्स्टन गावच्या शाळेत शिकवायची, पण गावात राहत नव्हती. राहणार कुठे? आई ज्या शाळेत नोकरी करून घर घेऊ शकली, त्याच शाळेतल्या नोकरीवर मुलीला गावात एक खोली मिळत नव्हती. नवऱ्याशी पटलं नाही, वेगळी झाली. सहा वर्षांच्या मुलीला, मेव्हला, घेऊन ती तासाभरावरच्या एका जुन्या गिरणीच्या शहरात भाड्याने राहायची. पहाटे अंधारात निघायची. बाई मैत्रिणींना सांगायच्या, "आमच्या कर्स्टनला गाडी चालवायला फार आवडतं."

मग त्या शहरातल्या घरमालकाने घर विकलं. घेणारी कंपनी होती, तिच्याकडे तसली शेकडो घरं होती. भाडं एवढं वाढलं की कर्स्टनचा निम्म्याहून जास्त पगार त्यात जाणार होता. ओहायोमधल्या तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीने तिथल्या शाळेत जागा आहे म्हणून कळवलं. कर्स्टन एका रविवारी आईकडे आली आणि सरळच म्हणाली,

"आई, जूनपर्यंत इथे जवळ काही मिळालं नाही, तर मी ओहायोला जाते."

मेव्ह म्हणजे बाईंचा जीव की प्राण. दर शनिवारी ती यायची, पियानोवर बसायची, चुकीचे सूर मोठ्याने वाजवायची आणि बाई त्यालाही टाळ्या द्यायच्या. ओहायो म्हणजे वर्षातून एकदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला भेट, तीही विमानं वेळेवर सुटली तर.

"इतकं टोकाला कशाला जातेस? शोध की जरा."

"शोधलं. तुमच्या गावात विकायला घरंच नाहीत. नवं कर्ज दुपटीने महाग, म्हणून ज्यांचं जुनं तीन टक्क्यांचं आहे ते मरेपर्यंत घर सोडणार नाहीत. आणि नवं तर तू काही बांधू देत नाहीस."

"मी एकटी आहे का गं? सगळं गाव विरोधात असतं."

"हो ना. सगळं गाव तुझ्याच पियानोवर नाचतं."

वेंडेल टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "वरच्या तीन खोल्या आहेत की."

वरच्या तीन खोल्यांपैकी एकीत बाई गोधड्या शिवायच्या, एकीत नाताळची सजावट ठेवलेली, आणि एकीत वेंडेल घोरायचा. बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं जणू तो कपडे काढून रस्त्यावर निघालाय.

"चाळिशीच्या मुलीनं आईबापाकडे राहायचं? लोक म्हणतील, हिचं काहीतरी बिनसलंय."

माणसं राहायला जागा नाही म्हणून देशोधडीला लागतात आणि नाताळचा लाकडी रेनडिअर स्वतंत्र खोलीत राहतो, यात त्या घरात कोणाला काही वावगं वाटलं नाही. कर्स्टनलाही नाही. तीही याच गावची लेक. तिलाच आईकडे राहायची लाज वाटत होती.

मग बाईंनाच सुचलं. शेड! नव्या कायद्याने राज्यभर अंगणात छोटं बिऱ्हाड बांधायला परवानगी मिळाली होती. शेडमध्ये न्हाणीघर काढायचं, दोन खिडक्या काढायच्या, छोटा ओटा करायचा. मायलेकी आपल्या डोळ्यांसमोर राहतील आणि तरी वेगळ्या. बाईंना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी त्याच दुपारी पडद्याचं कापड आणलं. पिवळ्या फुलांचं. मेव्हला पिवळा रंग आवडतो.

दुसऱ्या दिवशी डेल कुंपणावरून म्हणाला, "कायदा राज्याचा असेल, बेव्ह. पण लेन तर तुझी वारशाची. खिडकी काढायची तर समितीला विचारावं लागेल."

"समिती माझीच आहे रे," बाई हसून म्हणाल्या.

समितीची अध्यक्ष लॉरेन फिस्क. बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिला समितीत बसवलं बाईंनीच, सभेत बोलायचं कसं तेही शिकवलं बाईंनीच. आवाज मऊ ठेवायचा, समोरच्याचं आधी कौतुक करायचं, आणि मग त्याला दार दाखवायचं. ग्रंथालयाच्या खालच्या मजल्यावर सुनावणी झाली. बाई लिंबाच्या वड्या घेऊन गेल्या. कर्स्टन शेजारी बसली.

"बेव्हर्ली, आधी सांगते, या गावासाठी तुम्ही जे केलंय त्याला तोड नाही," लॉरेन म्हणाली. हे वाक्य कुठे जातं ते बाईंइतकं कोणाला माहीत असणार?

"अगं, दोन खिडक्या आणि एक नळ. एवढंच."

"दारूगोळ्याच्या कोठीला खिडक्या नसतात हो."

"लॉरेन, त्यात कोंबड्या होत्या! माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं खुराडं आहे ते. त्यातली अंडी मी खाल्लीत."

"कोंबड्या नंतर असतील. दारूगोळा आधी असेल."

"आधी शेडच नव्हती!"

"पण तुळया जुन्या आहेत. तुमच्याच लेखात आहे."

"मग मी लेखात खोटं लिहिलं असं समज!"

लॉरेनने पुढे होऊन बाईंच्या हातावर हात ठेवला. "मुलीच्या काळजीने माणूस काहीही बोलतो. स्वतःला इतकं कमी लेखू नका. एवढी मुलं दर वर्षी येतात. त्यांना काय सांगायचं, की ते खुराडं होतं?"

समितीतले बाकीचे वडी खात मान हलवत होते. एकजण म्हणाला, "आमचा कर्स्टनला विरोध नाही. पण जागा योग्य नाही." दुसरी म्हणाली, "आज एका शेडला खिडकी दिली, तर उद्या गावात काय राहील?" एकेक वाक्य बाईंनी स्वतः घडवून, घासूनपुसून गावाच्या हवाली केलेलं. आता ते त्यांच्याकडे परत येत होतं, तेवढ्याच मऊ आवाजात.

शेवटी लॉरेन म्हणाली, "शेड रस्त्यावरून दिसत नसती तर आमच्याकडे यावंच लागलं नसतं तुम्हाला. पूर्वी तिथे लायलॅक होती ना?"

होती. सासऱ्यांनी लावलेली, माणसाहून उंच.

गाडीत बसल्यावर कर्स्टन हसायला लागली. हसता हसता तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "आई, आजोबांच्या कोंबड्यांनी तुला हरवलं गं."

"हसू नकोस. मी आणखी काहीतरी करते."

"करायचंच असेल तर एक कर. मेमध्ये गावसभा आहे. नाड्यांच्या गिरणीच्या जागेचा ठराव परत येतोय. तीन मजले. काही घरं गावात नोकरी करणाऱ्यांसाठी राखून. शिक्षक, अग्निशमनवाले, असे. तो पास झाला तर मी दोन वर्षं कसंही करून भाडं भरीन आणि वाट बघीन. तू उभी राहून बोललीस तर अर्धं गाव तुझ्यामागे येईल. तुला माहितीय ते."

"बोलेन," बाई म्हणाल्या. "शब्द देते. मेव्हसाठी बोलेन." आणि त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

आमच्याकडे गावसभा म्हणजे गावचा कारभार. नगरसेवक वगैरे भानगड नाही. गावचे मतदार शाळेच्या जिममध्ये जमतात आणि नारिंगी कार्ड वर करून मत देतात. जमिनीच्या वापराच्या ठरावाला तीनात दोन मतं लागतात. गावात न राहणाऱ्यांना कार्ड मिळत नाही. त्यांच्यासाठी मागे, बास्केटबॉलच्या कड्याखाली, दोरी लावून चार बाकं ठेवतात. कर्स्टन त्या दोरीमागे बसली होती. त्याच जिममध्ये ती रोज सकाळी गावची पोरं रांगेत उभी करायची. आता तिच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप कार्डं हातात घेऊन पुढे बसले होते आणि तिला ओळख दाखवून हात हलवत होते.

आधी अर्धा तास पुलाच्या दुरुस्तीत गेला. मग ठराव आला. पडद्यावर इमारतीचं चित्र झळकलं. बरी होती. विटांची, खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या. तरी सभेत असा सुस्कारा निघाला, जणू कोणी गावात तुरुंग बांधतोय.

बाईंच्या शेजारी डेल बसला होता. तो कानाशी लागला. "बेव्ह, ते तिसऱ्या मजल्यावरचं गच्चीचं दार दिसलं? तिथून तुझं अंगण दिसेल. सफरचंदं मोजतील लेकाचे."

"गप्प बस, डेल. आज मी बाजूने बोलणार आहे."

"काय?" डेलने त्यांच्या कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला. "तब्येत बरी आहे ना?"

ध्वनिक्षेपकापाशी रांग लागली. एक तरुण बाप पोराला कडेवर घेऊन बाजूने बोलला. दोन-चार टाळ्या पडल्या. मग पंपाशेजारचा एक गृहस्थ वाहतुकीवर बोलला. जोरदार टाळ्या. बाई उठल्या. सभेत कुजबुज झाली, माना वळल्या, पुढचे दोघं तर आधीच टाळ्यांच्या तयारीने पुढे सरकून बसले. सभेच्या अध्यक्षांनी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. "बोला बेव्हर्ली," म्हणाले.

बाईंनी मागे पाहिलं. दोरीमागे कर्स्टन ताठ बसली होती, हात मांडीवर.

काय बोलायचं ते बाईंनी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. माझी मुलगी तुमच्या मुलांना वाचायला शिकवते, तिला इथे राहायला जागा द्या. इतकं सोपं होतं. त्या ध्वनिक्षेपकाजवळ वाकल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंड आपोआप उघडलं.

"मी घरांच्या विरोधात नाही," त्या म्हणाल्या.

सभा गालात हसली. आपली बेव्हर्ली. बाईंना ते हसू जाणवलं. किती ऊबदार होतं ते! समितीने दार दाखवलं त्या दिवसापासून लोक त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघायला लागले होते. आता सगळा जिम पुन्हा त्यांच्या हातात होता. मेव्ह डोळ्यांसमोर आली. मग पडद्यावरचं ते गच्चीचं दार आलं, आणि दारात उभी असलेली परकी माणसं. ती माणसं म्हणजे कर्स्टनच असणार होती. पण बाईंना तिथे कर्स्टन दिसेना. परकीच दिसली.

"पण," बाई म्हणाल्या.

आणि टाळ्या कोसळल्या. त्या टाळ्यांतून मागे फिरणं एखाद्या खऱ्या माणसाला जमलं असतं. बाई योग्य जागेबद्दल बोलल्या, गावच्या स्वभावाबद्दल बोलल्या, शिक्षकांबद्दल आपल्याला किती आदर आहे याबद्दल तर फारच सुरेख बोलल्या. त्यांच्या घरातच एक शिक्षिका आहे, असंही म्हणाल्या. जागेवर येऊन बसल्या तेव्हा डेलने पाठ थोपटली. "घाबरवलंस की मला!"

विरोधातली कार्डं मागितली तेव्हा बाईंचं कार्ड वर गेलं. हात कोपरात वाकलेला होता, फार उंच नव्हता. मोजणाऱ्याने तो मोजला. ठराव पडला.

मोटारी लावल्या होत्या तिथे कर्स्टन आईची वाट बघत थांबली होती. बाईंनी लांबूनच बोलायला सुरुवात केली. "तसंही पडणारच होता गं तो. मी बोलले नसते तरी. पुढच्या वर्षी जरा लहान इमारत आणतील, तेव्हा..."

"छान बोललीस आई," कर्स्टन म्हणाली. तिने आईच्या कोटाची वरची गुंडी लावून दिली, कारण वारा होता, आणि गाडीत बसून निघून गेली.

जूनमध्ये मायलेकी ओहायोला गेल्या. बाईंनी मेव्हला पडद्याचं कापड दिलं. 'तुझ्या नव्या खोलीला' म्हणाल्या आणि हुंदके देऊन रडल्या. ते रडणं खरं होतं. अशा माणसांचं रडणं नेहमी खरंच असतं, म्हणून तर त्यांचं काही बिघडत नाही. नंतर अंगणात तिसरी पाटी आली: 'आमचे शिक्षक, आमचा अभिमान.' डेलनेही तसलीच लावली. त्याच्या पाटीवर झेंडा होता.

ऑक्टोबरमध्ये तिसरीची मुलं कोठी बघायला येण्याचा दिवस आला. बाईंनी आदल्या दिवशी लिंबाच्या वड्या केल्या, फलकाला पॉलिश केलं, स्कार्फ बांधून शेडपाशी उभ्या राहिल्या. मुलं आली नाहीत. शाळेतून फोन आला. तिसरीला शिक्षिकाच नव्हती. कर्स्टनच्या जागी घेतलेली मुलगी ऑगस्टमध्येच नाही म्हणाली होती, तिला गावात राहायला जागा मिळाली नाही. वर्ग दुसऱ्या दोन तुकड्यांत वाटून टाकलाय, या वर्षी सहल होणार नाही.

"या वॉशिंग्टनवाल्यांना शाळांचं काही पडलेलंच नाही," बाई घरात येऊन वेंडेलला म्हणाल्या. वड्यांचं ताट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि ओहायोला फोन लावला. मेव्हने उचलला.

"आजी! आमच्या घरासमोर ना, एक मोठी क्रेन आलीये. नवी बिल्डिंग बांधतायत. आमच्या बिल्डिंगपेक्षा उंच! मम्मी म्हणते त्यात माझ्या वर्गातली मुलं पण येतील राहायला."

"अगंबाई," बाईंचा आवाज एकदम तरतरीत झाला. त्या खुर्चीत ताठ झाल्या. "किती मजली? तुमच्या खिडकीवर सावली पडेल की! मेव्ह, ऐक, मम्मीला सांग, तिथे सभा होत असेल. जा म्हणावं. उभं राहून बोल म्हणावं. कसं बोलायचं ते मी शिकवते तिला."

पलीकडे फोन बहुतेक स्पीकरवर होता. जरा लांबून कर्स्टनचा आवाज आला, शांत, वर्गात बोलते तसा.

"मेव्ह, आजीला बाय म्हण आणि फोन ठेव."

मेव्हने बाय म्हटलं आणि फोन ठेवला. बाई रिसीव्हरकडे बघत राहिल्या.

"मी काय वाईट बोलले?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. वेंडेलने ताटातली एक वडी उचलली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.